केरबा नावाची गाडी

ती मोटारसायकल मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चार माणसं तिला उकिरड्यावर लोळवत होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मगदूम आणि कंपनीच्या ओतशाळेमागं जळक्या वाळूचा, भट्टीच्या राखेचा आणि तेलकट चिंध्यांचा एक पुरुषभर उंचीचा ढीग होता. त्या ढिगावर नवीकोरी गाडी आडवी पडली होती. काळाभोर रंग, टाकीवर सोनेरी रेघ. दोघांनी हँडल धरलेलं, दोघांनी मागचं चाक, आणि चौघं मिळून तिला तान्ह्या पोरासारखं या कुशीवरून त्या कुशीवर करत होते. खाली साठीची एक बाई हातात सूप घेऊन उभी होती.

"टाकीला वरखडा पडू देऊ नगा," ती म्हणाली. "पर लोळवा नीट. नावापुरतं नगं."

मी त्याच सकाळी पुण्याहून नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. इस्त्रीची पँट, काखेत फाइल, वय सव्वीस. जाहिरात आणि विक्री बघायचं काम. आपण पत्ता चुकलो असं वाटून मी परत फिरणार होतो, एवढ्यात ती बाई मोठ्यानं म्हणाली, "उकिरड्यावर गाडी पडलीया. कुणाची हाय?"

चाळीसेक कामगार जमले होते, ते सगळे एका गोऱ्यापान, टोपी घातलेल्या गृहस्थांकडं बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आण्णा, बोल की."

"माझी न्हवं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"माझी न्हवं. कुणाची हाय मला ठाव न्हाई."

"मग मी घेतो," बाई म्हणाली. तिनं सुपातला मूठभर कोंडा काढून त्यांच्या हातावर घातला. "हे घे. कोंड्यावर घेतली. आता गाडी माझी."

हातावर कोंडा घेऊन उभे असलेले ते गृहस्थ म्हणजेच कंपनीचे मालक आण्णा मगदूम, हे मला तिथंच एकानं कानात सांगितलं.

मग तिशीचा, एका पायानं किंचित लंगडणारा माणूस पुढं आला. त्याच्या हातात हातड्रिल होतं. त्यानं पुढच्या मडगार्डच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं आणि त्यात तांब्याची कडी अडकवली. गाडीचं नाक टोचून झालं. आता कानात नाव सांगायचं, तर कान कुठला यावरून थोडी चर्चा झाली. कुणी म्हणालं आरसा, कुणी म्हणालं हॉर्न. "हॉर्न तोंड हाय येड्या," असं त्याला दुसऱ्यानं सुनावलं. शेवटी बाई स्वतःच दिव्यापाशी वाकली, पदर आडवा धरला आणि म्हणाली, "केरबा."

"केरबा," चाळीस माणसांनी एका सुरात घोष केला.

मी फाइल छातीशी घट्ट धरली. सांगून टाकतो. त्या वेळी माझं नाव किरण रेडेकर होतं, पण ते होऊन चारच वर्षं झाली होती. त्याआधी बावीस वर्षं मी केरबा ज्ञानू रेडेकर होतो.

माझ्याआधी आईला दोन मुलगे झाले होते. वडलांनी हौसेनं एकाचं नाव प्रतापसिंह ठेवलं, दुसऱ्याचं रणजितसिंह. दोघांनीही वर्ष पाहिलं नाही. तिसरा मी. मला गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आईला कोंड्यावर विकलं आणि केरात सापडला म्हणून केरबा नाव ठेवलं. असलं पोर न्यायला कोण येणार, हा हिशेब. आमच्या भुदरगड भागात दर चार घरांआड एक केरबा, कोंडिबा किंवा धोंडिराम असायचा. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण पुण्याच्या वसतिगृहात पोरं रोज सकाळी माझ्या दारात केराची टोपली आणून ठेवायची आणि वर "रेडेकर, पाव्हणे आलेत" म्हणून हाक मारायची. शिकून झाल्या झाल्या मी सरकारी कागद करून नाव बदललं. जाहिरातीच्या ज्या कचेरीत लागलो, तिथं सगळे मला किरणराव म्हणायचे. आईची पत्रं गावच्या मास्तरांच्या अक्षरात यायची, वर ठसठशीत 'केरबा'. ती मी एका पानवाल्याच्या पत्त्यावर मागवायचो.

आणि आता हा.

*

"माझी बहीण हाय ती. आक्का," आण्णा केबिनमध्ये कोंडा झटकत म्हणाले. "गाडी माझं लेकरू म्हटल्यावर ती आत्या झाली. नाव ठेवायचा हक्क आत्याचा. मी काय बोलू?"

"पण हे असलं नाव कशाला?"

"आधीची दोन गेली न्हवं का."

मग त्यांनी मला दोन्ही सांगितली. नावं त्यांनीच ठेवली होती. पहिलीचं चक्रवर्ती. नऊ गाड्या काढल्या. चक्रवर्ती सुरू झाली की थांबत नसे. वडणग्याचा एक पैलवान ती थांबवण्यासाठी रोज एकाच्याच गवताच्या गंजीत घालायचा, शेवटी गंजीवाल्यानं गावाशी बोलणं टाकलं. दुसरी दिग्विजय. ती थांबायची, पण थरथरायची इतकी, की एक गवळी दूध घेऊन निघाला आणि गिऱ्हाइकाच्या दारात लोणी घेऊन पोचला. हे मी वाढवून सांगत नाही, आण्णांनी जेवढं सांगितलं त्यातलं मी निम्मं गाळलंय.

"ही तिसरी मात्र बेस हाय," आण्णा म्हणाले. "विंजन बघा तुम्ही. शिवणयंत्रागत चालतंय. पर परचुऱ्यांना तुम्ही वळखताच."

परचुरे म्हणजे पुण्यातले गाड्यांचे मोठे विक्रेते. त्यांनीच माझं नाव आण्णांना सुचवलं होतं. परचुऱ्यांचं पत्र टेबलावर होतं. गाडी पुण्यापर्यंत चालवत आणा, पसंत पडली तर ऐंशी घेतो. नाव मात्र आजच्या काळातलं हवं. ऐंशी गाड्या गेल्या तर मोटारसायकलचं खातं चालणार होतं. नाहीतर आण्णा पुन्हा उसाच्या चरकाचे दात ओतायला लागणार होते आणि त्या आवारातल्या निम्म्या माणसांना घरी बसावं लागणार होतं.

"तुम्ही आक्काला समजावून सांगा," आण्णा म्हणाले.

"मी?"

"तुम्ही शिकल्याला. पुण्याचं. किरण म्हणजे नाव कसं बघा, कानाला गोड लागतंय. असलं काहीतरी काढा."

मी समजावलं नाही. आक्कापुढं उभा राहून केरबा हे नाव कसं लाजिरवाणं आहे, ते मी सांगायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. मी दुसरी युक्ती काढली. टाकीवरची नावाची पाटी दोन स्क्रूंवर होती. मी पितळी अक्षरात दुसरी पाटी करवून घेतली. लॉर्ड डिलक्स. आक्कासमोर केरबा निघेल, परचुऱ्यांसमोर लॉर्ड डिलक्स उभा राहील. मध्ये फक्त एक स्क्रूड्रायव्हर.

आण्णांनी पाटी हातात घेऊन वजन केल्यासारखी पाहिली आणि परत दिली. "ह्यातलं मला काय ठाव न्हाई," ते म्हणाले.

"आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणताय तुम्ही हे," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

*

गाडी चालवणार होता तो ड्रिलवाला लंगडा माणूस. त्याचं नाव धोंडिबा. तो आक्काचा मुलगा, हे मला निघायच्या सकाळी कळलं. आक्कानं त्याच्या डोक्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मग गाडीच्या दिव्यावरून ओवाळला, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही मागं बसणार न्हवं?"

"हो."

"मग धरून बसा. आणि ह्याला बोलण्यात गुतवू नगा. बोलाय लागला की ह्याचं ध्यान जातंय."

पुरतं उजाडायच्या आत आम्ही निघालो. गाडी खरंच सुरेख होती. किणी, पेठनाका, कऱ्हाड. ऊसतोडीचे दिवस, रस्त्यानं बैलगाड्यांच्या रांगा. थांबलो की माणसं जमायची. उंब्रजला चहा पिताना एका म्हाताऱ्यानं पाटी वाचली आणि बायकोला हाक मारली, "अगं, ह्ये बघ, गाडीचं नाव केरबा हाय. आपल्या केरबाला दावाय पायजे." त्याचा आनंद बघून मी अर्धा चहा तसाच ठेवला आणि पाठ फिरवली. धोंडिबा मात्र त्याला चारी बाजूंनी गाडी दाखवत होता.

सातारा मागं पडलं. सुरूरच्या फाट्यावर, घाट चढायच्या आधी, इंजिन निववायला आम्ही पुन्हा थांबलो. धोंडिबा विहिरीवर तोंड धुवायला गेला. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. केरबा सुटायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात लॉर्ड डिलक्स बसला. मी मागं सरकून पाहत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काय लिवलंय?"

धोंडिबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे?"

"लॉर्ड म्हणजे मोठा साहेब. डिलक्स म्हणजे... भारी."

"भारी मोठा साहेब," तो म्हणाला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो ओल्या हातानं तोंड पुसत नुसता पाहत राहिला. "मामाला ठाव हाय?"

"आहे."

"आणि आईला न्हाई."

"तिला कळायचं कारण नाही. येताना परत लावू. तुम्ही नाही सांगितलं म्हणजे झालं."

"मी न्हाई सांगणार. पर ती इचारंल. गेल्या गेल्या इचारंल, वाटंत काय झालं. मी आजवर तिला खोटं सांगिटलं न्हाई, किरणराव. तुमी सांगा, कसं सांगायचं असतंय?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

तो कट्ट्यावर बसला, दुखरा पाय लांब केला. "ती दिग्विजय मीच चालवत होतो," तो म्हणाला. "कागलच्या उतारावर तिची मान सुटली. हँडल हातात आलं आणि बाकी गाडी पुढं गेली. मी मधी. सव्वा महिना प्लास्टर हुतं. आई दवाखान्यात खाली फरशीवर झोपायची. मामा भेटायला आला की म्हणायची, माझ्या धोंड्याला दिग्विजयावर बशिवलास व्हय रं. मामाला वाटायचं ती नावाला बोल लावतीया. मामा म्हणायचा, वेल्डिंग कच्चं हुतं आक्का. आणि वेल्डिंग मीच केल्यालं."

"मग तुम्हाला तरी पटतं का हे? नावाचं?"

"मला कशाला पटाय पायजे?" धोंडिबा म्हणाला. "ह्या गाडीचं वेल्डिंग मी तीनदा तपासलंय. मला भ्या न्हाई वाटत. पर ही पाटी काढली की वाटाय लागतंय बघा. माझं न्हवं. तिचं भ्या. ती आत्ता तिकडं घड्याळाकडं बघत बसली असंल आणि मनाला सांगत असंल, जाऊ दे, केरबावरनं गेलाय."

तो उठला आणि गाडीपाशी गेला. किक मारण्याआधी वळून म्हणाला, "तुमची पाटी हाय, तुमचा खिसा हाय. मी चालवणारा. तुमी म्हणाल तसं."

मी घाट संपेपर्यंत म्हणून केरबा परत लावला. माझ्या मनात पक्कं होतं, की कात्रज उतरलो की बदलायचा. तेवढा वेळ मिळणार होता.

खंबाटकीचं शेवटचं वळण उतरल्यावर मी त्याच्या पाठीमागून म्हणालो, "धोंडिबा, तुम्हाला कधी लाज नाही वाटली? नावाची?"

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "वाटायची की. लग्नात लई वाटली." मग अर्धा मैल गेल्यावर, "बायको हसली न्हाई. मग ऱ्हायलं ते."

*

कात्रजला मी त्याला थांबायला सांगितलं नाही. का नाही, ते तेव्हाही धड कळलं नव्हतं. स्वारगेटला थांबू असं वाटलं, तर तिथं गर्दी. मग दुकानाच्या अलीकडच्या गल्लीत थांबू म्हटलं, तर परचुरे स्वतःच फुटपाथवर येऊन उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, पायांत करकरणारे जोडे. अकराला येतो सांगितलेला माणूस अकराला येतो की नाही, हे ते घड्याळ हातात धरून बघत होते.

"अकरा वाजून चार मिनिटं," ते म्हणाले. "कोल्हापूरच्या मानानं हे लवकरच." मग गाडीभोवती एक फेरी घातली. वाकून इंजिनाला कान लावला. मडगार्डवरची कडी बोटानं हलवून पाहिली आणि विचारायचं सोडून दिलं. टाकीपाशी आले.

"हे काय? के-र-बा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुणा फिटरनं आपलं नाव कोरलंय का?"

माझा हात खिशात होता. लॉर्ड डिलक्सचे कोपरे बोटांना टोचत होते. ही कामगारांची गंमत, खरी पाटी ही बघा, एवढंच म्हणायचं होतं. दुकानाच्या काचेत मला आम्ही तिघं दिसत होतो. परचुरे, मी, आणि मागं एका पायावर भार देऊन उभा धुळीनं माखलेला धोंडिबा. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो रस्त्यावरची वाहनं बघत होता.

"फिटरचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे."

"काय तुमचं?"

"नाव. केरबा माझं नाव. किरण मी नंतर घेतलं. गाडीचं नाव तेच आहे."

परचुरे हसले. मी हसत नाही असं पाहून थांबले. पुण्याच्या माणसाला अवघडल्यासारखं झालं की तो मुद्द्यावर येतो, तसे ते आले. "हे पाहा, मला तुमच्या नावाशी कर्तव्य नाही. तुम्ही केरबा असा नाहीतर कुबेर. मला एक चक्कर मारू द्या."

ते धोतर खोचून गाडीवर बसले आणि गेले. अर्ध्या तासानं आले. उतरताना त्यांनी टाकीवर थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं.

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "ऐंशी काय, शंभर घेईन. पण हे नाव माझ्या काचेमागं उभं राहणार नाही. गिऱ्हाईक बायकोला काय सांगणार, मी केरबा आणला म्हणून? नाव बदला."

"बदलता येणार नाही."

"का?"

मला नीट सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. मी नुसतं म्हणालो, "आत्ता नाही येणार."

"मग नमस्कार," परचुरे म्हणाले. आणि धोंडिबाकडं वळून, "तुम्ही चहा घेऊन जा. बराच लांबून आलात."

धोंडिबानं फुंकून फुंकून चहा संपवला. कप खाली ठेवल्यावर म्हणाला, "तुमी बी व्हय?"

"मी बी."

"मग आदी न्हाई का सांगायचं? म्या सारखं किरणराव किरणराव करत बसलो."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओतशाळेच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा आक्का आवारातल्या लिंबाखाली कामगारांच्या भाकऱ्यांची फडकी सोडत बसली होती. तिनं गाडीकडं पाहिलं नाही. धोंडिबा उतरला, तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला आणि हौदाकडं चालत गेला, तो कसा चालतो ते तिनं पाहिलं. मग पुन्हा भाकऱ्यांकडं वळली.

आण्णा केबिनमधून धावतच आले. मी तिथंच, सगळ्यांदेखत, झालं ते सांगितलं. गाडी पसंत, नाव नापसंत, सौदा गेला. पाटीचं कपट माझं, तेही सांगितलं आणि लॉर्ड डिलक्स खिशातून काढून आण्णांच्या हातात दिला. आण्णा लिंबाच्या पारावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आसपासचे हातोडे हळूहळू थांबत गेले.

"मग बदला की नाव," आक्का म्हणाली.

आण्णांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"बदला म्हटलं. पोरगं पुण्याला गेलं आणि धड घरी आलं. जगती आता ही गाडी. जगल्यावर ठेवावं की चांगलं नाव. पोरांची बी ठेवत्यात साळंत घालताना. मी काय जल्मभर ठेवा म्हटलं हुतं व्हय?"

मला राग आला. काल काचेसमोर उभा राहून मी जे गमावलं होतं ते या बाईनं भाकरीच्या फडक्यासारखं झटकून टाकलं, असं वाटलं. "मग धोंडिबाचं का नाही बदललंत?" मी म्हणालो. "तिशी उलटली त्यांची."

आक्कानं फडक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"आधीचे दोघं गेल्यावर हा झाला," ती म्हणाली. "गोरापान, हे एवढे डोळे. सोन्यासारख्या पोराला चारचौघांत धोंडा म्हणायचं, सोपं वाटतंय तुला? मी रोज म्हणतो. रोज दहादा. साळंत घातला तवा म्हटलं आता बदलू, तर गोवर आला. लग्नात म्हटलं बदलू, तर हा फटफटीवर बसाय लागला." तिनं हौदाकडं पाहिलं. "आज बी मनात हुतं. पर उद्या परत बसंल."

मग तिनं मला विचारलं, "धोंडू म्हणाला तुजं नाव केरबा हाय."

हौदाकडं जाता जाता धोंडिबा तिच्या कानाशी वाकला होता, ते यासाठी.

"हो."

"आई हाय?"

"आहे. गावी."

"ती काय म्हणती तुला?"

"केरबाच म्हणते. किती वर्षं झाली, अजून तेच. पत्रातसुद्धा." माझ्या आवाजात तक्रार होती.

"अजून?"

"अजून."

"मग तिचं भ्या अजून गेल्यालं न्हाई," आक्का म्हणाली आणि भाकरी माझ्यापुढं केली.

*

आण्णांनी त्याच संध्याकाळी परचुऱ्यांना ट्रंक कॉल लावला. परचुऱ्यांनी आधी थोडं ताणून धरलं आणि मग साठ गाड्या घेतल्या. त्या लॉर्ड डिलक्स म्हणून विकल्या गेल्या. पुढं चार वर्षं मोटारसायकलचं खातं चाललं आणि मग मोठ्या कंपन्यांपुढं ते बंद पडलं, ते नावामुळं नाही. ओतशाळेत मात्र त्या गाडीला शेवटपर्यंत कुणी लॉर्ड म्हटलं नाही. "दोन केरबा रंगाला गेलेत, एक उद्या निघतोय," असंच चालायचं, आणि ते ऐकून कचेरीत बसलेला हा केरबा मान वर करून बघायचा.

पण त्याआधी, पुण्याहून परतल्यावरचा पहिला रविवार. मी गारगोटीच्या एसटीनं गावी गेलो. दिवाळीशिवाय मी कधी जात नसे, त्यामुळं आई घाबरली. अंगणात शेंगा फोडत बसली होती, ती तशीच उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं हाय न्हवं?"

"बरं आहे. सहज आलो."

मी तिच्यासमोर बसून शेंगा फोडायला लागलो. बरीच रास फोडून झाल्यावर म्हणालो, "आई, मी नाव बदललंय. सरकारी कागद करून. चार वर्षं झाली."

"ठाव हाय. मास्तर म्हणालं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? चांगलं हाय की." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. उठून दारापर्यंत गेली, बाहेर गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, मागच्या परसाकडं पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन वाकली आणि इतक्या हळू आवाजात, की मलासुद्धा जेमतेम ऐकू यावं, म्हणाली, "किरण."

एकदाच. म्हणून बघितलं, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं, की मी खाली शेंगांकडं बघायला लागलो.

मग ती सरळ झाली, पदर डोक्यावर ओढला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "केरबा, ऊठ, पाणी तापलंय. आंघूळ करून घे."